आमच्याकडे पाच दिवसांचा

या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी तीनदा ओलांडून पुढे गेलो आहे. शाळेबद्दल लिहिलं, पहिल्या बर्फाबद्दल लिहिलं, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या गाडीबद्दल तर गरजेपेक्षा जास्त लिहिलं. पण डोंगरातल्या त्या गावाची पाळी आली की मला काहीतरी काम आठवायचं. औषधं आणायची असायची, नाहीतर बागेतलं गवत कापायचं असायचं. पत्नी होती तोवर तिलाही मी हे सांगितलं नाही. गणपतीच्या दिवसांत कुणाकडे जायला मला आवडत नाही एवढंच तिला माहीत होतं, आणि हा माणूस आपल्या विचारांचा पक्का आहे असं ती चारचौघांत कौतुकाने सांगायची. मी ते ऐकून घ्यायचो. त्या कौतुकावर माझा हक्क नव्हता.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने आम्हाला दोन दिवस फिरायला नेलं. कुठे जायचं ते त्याने आधी सांगितलं नव्हतं. डोंगराचं शेवटचं वळण संपलं, चर्चचा कांद्याच्या आकाराचा कळस दिसला आणि मी गाव ओळखलं. पाऊस तसाच होता, बारीक आणि न थांबणारा. लाकडी सज्जे, त्यांवर लाल जिरेनियमच्या कुंड्या, आखूड चामडी विजारी घातलेले वेटर (आता त्यांतला एक नाशिकचा निघाला, शिकता शिकता नोकरी करणारा). माझी नात मीरा बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती एका घरासमोर थांबून ओरडली, "ओपा, दास इस्ट गार काइन फेन्स्टर!" आजोबा, ही खिडकी नाहीच आहे, असं ती म्हणत होती. खरंच नव्हती. झडपा, पडद्याची चुणी, कठड्यावर बसलेलं मांजर, सगळं सपाट भिंतीवर रंगवलेलं. मी म्हटलं, "हो बाळा, मला माहीत आहे." पंधरा वर्षांचा असताना मी त्याच खिडकीखाली छत्री धरून उभा होतो आणि शेजारी अण्णा उभे होते. हॉटेलवर परतलो आणि लिहायला बसलो. आता थांबलो तर हे राहूनच जाईल.

आम्ही तेव्हा जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्याच्या गावात राहायचो. अण्णा मेकॅनिकल इंजिनिअर होते आणि गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंगवर काम करायचे. बेकरीच्या वर दोन खोल्यांचं घर होतं. पहाटे खाली कणीक मळायचं यंत्र सुरू झालं की आमच्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, आणि तेवढाच काय तो त्या घरातला मोठा आवाज. रविवारी तर बाहेर इतकं शांत असायचं की आई भांडी घासतानासुद्धा खाली फडकं अंथरायची. मराठी बोलणारी आम्ही तीनच माणसं, आणि त्यांतला मी हळूहळू कमी बोलायला लागलो होतो. शाळेत माझ्या रंगाचा दुसरा मुलगा नव्हता. कुणी त्रास देत नसे, पण मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरची शेजारची जागा रिकामी असायची. आई ज्वारी मिळत नाही म्हणून राय नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळून भाकरी थापायची. पथ्याच्या पदार्थांच्या दुकानात जवस मिळायचे. ते भाजून, लसूण घालून ती चटणी कुटायची, तेव्हा जिन्यापर्यंत वास जायचा आणि मी खिडक्या उघडत फिरायचो.

भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बुद्धांची आणि एक निळ्या कोटातली. दर रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून त्यांच्यासमोर मेणबत्ती लावायचे, चटई अंथरायचे आणि मला हाक मारायचे, "मिलिंदा, ये." त्यांच्या शेजारी बसून मी वंदना म्हणायचो. अण्णांनी कॉलेजात असताना दीक्षा घेतली होती, आपल्या वडिलांसोबत, एकाच ओळीत उभं राहून. त्या वेळच्या प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या. मला त्यांनी त्या कधी घोकायला लावल्या नाहीत, पण अर्थ समजावून सांगितला होता. गौरी-गणपती मानणार नाही, पुजणार नाही, ही त्यांतली एक. अण्णा कुणाला आपण कोण आहोत हे सांगताना आवाज खाली करत नसत. फोन ठेवताना, मग पलीकडे कुणी का असेना, "जय भीम" म्हणूनच ठेवायचे. याचा परिणाम काय होतो तेही मी पाहिलं होतं. आधीच्या गावात एक मराठी कुटुंब आमच्याकडे आलं होतं. बाईंनी त्या तसबिरींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दहा मिनिटांत त्यांना कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं. चहाचे दोन्ही कप तसेच भरलेले राहिले. नंतर त्यांचा फोन आला नाही. आई म्हणायची, "बिघडला असेल त्यांचा." ते कप मी धुतले होते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मग शरदकाका भेटले. ते अण्णांच्याच कंपनीत नव्याने आलेले, पुण्याचे. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही, त्यांची माणसं हयात आहेत. सुधाकाकू आणि त्यांची माझ्याच वयाची मुलगी नीला. आमचं घर लहान म्हणून दर शनिवारी आम्हीच त्यांच्याकडे जायचो. त्या घरात रेडिओ चालू असायचा, कुकर वाजायचा, काका कॅरमच्या सोंगट्या आपटायचे आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, खालची म्हातारी आता पोलीस बोलावेल!" नीला माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं जर्मन बोलायची आणि माझ्या मराठीला हसायची. मला ते हसणंसुद्धा हवं असायचं. सोमवारी शाळेत गेलो की मी शनिवार मोजायला लागायचो. खरं सांगायचं तर तेव्हा जगात मला एकाच गोष्टीची भीती होती, हे शनिवार बंद होण्याची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काकांची आई पुण्याहून आली. नऊवारी साडीवर काकांचा लोकरी कोट, पायात मोजे आणि त्यांवर चपला. त्यांना आम्ही सगळे आजीच म्हणायचो. गणपती तोंडावर आले होते, आजींना करमेना, म्हणून काकांनी दोन्ही कुटुंबांनी मिळून दोन दिवस डोंगरात जायचं ठरवलं. गाव खास जर्मन आहे, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. अण्णा हसून म्हणाले, "शरदराव, आपण राहतो ते गाव कुठलं मग?" काका म्हणाले, "अहो, आपलं आहे कामाचं जर्मनी. हे बघायचं जर्मनी." आणि ते गाव तसंच होतं. आमच्या गावात कुणी चामड्याची विजार घालत नसे. इथे पोस्टमनसुद्धा घालून फिरत होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा डोंगर दिसतच नव्हते. पेन्सिओनच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या, मालकीणबाई घेरदार झगा आणि पांढरा एप्रन घालून दारात उभ्या होत्या. खालच्या बैठकीच्या खोलीत हिरव्या फरशांची मोठी शेगडी होती. तिच्याजवळच्या बाकावर आजी, काकू, नीला आणि मी बसलो. आई वर खोल्या लावत होती, अण्णा आणि काका पावसात गाडीतून सामान काढत होते. आजींनी आईचा डबा उघडला होता. भाकरीचा तुकडा, त्यावर जवसाची चटणी, असं करत त्यांनी दोन भाकऱ्या संपवल्या. "काय हात आहे रे तुझ्या आईचा! आमच्या सुधालाही शिकवायला सांग तिला." काकू स्वेटर विणत होत्या, त्या म्हणाल्या, "आई, पित्त होईल हं." आजींनी हात झटकले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं,

"उद्या चतुर्थी. घरी असते तर आज सगळी तयारी झाली असती. तुमच्याकडे रे? किती दिवसांचा असतो गणपती?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही. आजींनी मुद्दाम विचारलं असेल असं मला आजही वाटत नाही. ज्यांच्याकडे असतो त्यांना तो सगळ्यांकडे असतो असंच वाटतं. पण मला ते दोन भरलेले कप दिसले. काकूंच्या सुया थांबल्या होत्या. मला वाटलं, त्याही उत्तराची वाट बघताहेत. दीड दिवस म्हटलं तर कमी वाटेल, दहा म्हटलं तर पुढे प्रश्न येतील.

"पाच दिवसांचा," मी म्हटलं. "आमच्याकडे पाच दिवसांचा असतो."

"बघ सुधा," आजी खूश झाल्या. "मी म्हटलंच होतं, संस्कार दिसतात मुलावर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला रविवारपर्यंत कळणार नव्हता. तेवढ्यात दार उघडलं आणि दोन्ही हातांत बॅगा घेऊन अण्णा आत आले. त्यांच्या चष्म्याच्या काचांवर पाणी होतं. मागे काका.

"वसंतराव," आजी म्हणाल्या, "मिलिंद सांगतोय, तुमच्याकडे पाच दिवसांचा असतो. मग उद्याची आरती तुमच्या हातची. मी सुपारी आणलीय, सुपारीचाच गणपती मांडू. पाहुण्यांचा मान."

अण्णांनी बॅगा खाली ठेवल्या. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीच्या फरशांकडे बघत होतो. एका फरशीवर हरिण कोरलेलं होतं. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"हो," अण्णा म्हणाले. "पाच दिवसांचा."

संध्याकाळी जेवणाआधी मी वर खोलीत आलो. माझी खोली आणि आई-अण्णांची खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. आई म्हणत होती, "सांगून टाका ना सरळ. आजवर कधी लपवलंत, म्हणून आता?"

"मी सांगितलं की पोरगा खोटा पडतो, कमल. सगळ्यांदेखत."

"पडू दे. त्यानंच केलंय."

"पंधरा वर्षांचा आहे तो."

"आणि तुमचं काय? तुम्ही दीक्षा घेतलेला माणूस. ताट धरणार हातात?"

अण्णा उठल्याचं फळ्यांच्या करकरीवरून कळलं. मग म्हणाले, "त्याला इथे दुसरं आहे कोण?"

हे मी ऐकलं. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यांत जड जाते, कारण इथपर्यंतचं सगळं एका घाबरलेल्या मुलाच्या तोंडून निसटलं असं म्हणता येईल. पण हे ऐकल्यावर माझ्यापुढे एक दार होतं, आणि ते ठोठावायला चार पावलं पुरली असती. मी पलंगावर बसून राहिलो. जेवायला हाक आली तेव्हा खाली जाऊन बटाट्याचं सूप प्यायलो आणि नीलाने सांगितलेल्या विनोदाला हसलो.

शनिवारी सकाळी अण्णा मला घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांची मोठी काळी छत्री होती, ती मी धरली होती. दुकानांत लाकडी बाहुल्या, कोकिळेची घड्याळं आणि गाईच्या गळ्यातल्या लहान-मोठ्या घंटा टांगलेल्या होत्या. एका घरासमोर अण्णा थांबले आणि मान मागे करून बघत राहिले. इंजिनिअरची नजर होती त्यांची, कुठलीही वस्तू कशी बसवली आहे हे बघितल्याशिवाय ते पुढे जात नसत. म्हणाले, "ती उजवीकडची खिडकी बघ. पाऊस सगळ्या खिडक्यांच्या कठड्यावरून ठिबकतोय, तिच्या नाही." मी म्हटलं, "रंगवलीय." "हं. मापात रंगवलीय. बाहेरून घर शोभून दिसतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आत राहणाऱ्याला मात्र तिथे भिंतच असते." एवढंच. ते मला टोचून बोलले का, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेकदा विचारलं आहे. अण्णा टोचून बोलणारे नव्हते. त्यांना खिडकी दिसली, ते खिडकीबद्दल बोलले. मी म्हटलं, "अण्णा, थंडी वाजतेय," आणि आम्ही परत आलो.

दुपारपर्यंत मालकीणबाईंचं स्वयंपाकघर आजींच्या ताब्यात गेलं होतं. पुण्याहून आणलेलं तांदळाचं पीठ, इथल्या दुकानातला सुका खोबऱ्याचा कीस, गुळाऐवजी काळपट साखर, आणि बटाटे उकडायच्या पातेल्यात चाळणी ठेवून मोदक. मालकीणबाई ते बघून म्हणाल्या, "आख, क्नोडेल!" क्नोडेल म्हणजे इथले उकडलेले गोळे, आपल्या मोदकांचे जर्मन भाऊबंद, हे आजींना समजावताना काकू हसून बेजार झाल्या. काकूंचं ते हसणं मला मोठं वाटलं, नेहमीपेक्षा मोठं. काकांच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं, त्यावर पांढरा नॅपकिन, तांदळाची रास, तीवर सुपारी. निरांजन नव्हतं, म्हणून उकडलेलं अंडं ठेवायच्या चिनी मातीच्या कपात तूप आणि वात. घंटा नव्हती, म्हणून नीलाने सकाळी विकत घेतलेली गाईची घंटा. आई दाराजवळ उभी राहिली. तिने पदर घट्ट ओढून घेतला होता.

काकांनी ताट उचललं. "आई, मीच करतो. वसंतरावांचा घसा बसलाय पावसाने."

"बरोबर," काकू लगेच म्हणाल्या. "कालपासून खोकताहेत."

"कुठे खोकताहेत? मी काय बहिरी आहे?" आजी म्हणाल्या. "शरद, दे त्यांच्या हातात. पाहुणे आहेत आपले."

अण्णांनी ताट घेतलं. नीलाने घंटा वाजवली, कुरणातल्या गाईसारखा जाड आवाज आला, आणि आजींनी आरती सुरू केली. काका, काकू, नीला म्हणू लागले. मी ओठ हलवत होतो. मला ती येत नव्हती. आमच्या घरात ती कधी म्हटलीच गेली नव्हती, आणि काल पाच दिवस सांगताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला आजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"अरे, पाच दिवस दोन वेळा आरती करणारा मुलगा तू, आणि नुसती तोंडाची उघडझाप? म्हण बघू मोठ्याने."

नीला खुदकन हसली. मी अण्णांकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे मदत मागितली, हे मला लपवायचं नाही. ताट धरलेल्या माणसाकडे मी अशी नजर टाकली की, आता तुम्हीच बघा.

आणि अण्णा गायला लागले. जिथे थांबलं होतं तिथूनच, त्या कडव्याच्या पहिल्या शब्दापासून. त्यांचा आवाज चांगला होता, पण मी तो फक्त वंदनेत ऐकलेला. आता तो खोलीभर झाला. एकही शब्द अडला नाही. आजी टाळ्या वाजवत त्यांच्या मागून म्हणू लागल्या, काकूंचं म्हणणं थांबलं, काका खाली बघत होते. ताट अजिबात हललं नाही. कापूर पेटवला तेव्हा दारावर थाप पडली. मालकीणबाईंना धुराचा वास आला होता, काही जळतंय का बघायला त्या पाण्याची बादली घेऊन आल्या होत्या. बादली हातात धरून त्या शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग अण्णांना म्हणाल्या की इतकं सुंदर गाणं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. "डांके," अण्णांनी आभार मानले, ताट टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

"बघितलंस?" आजी मला म्हणाल्या आणि माझ्या हातावर मोदक ठेवला. "वडिलांकडून शीक." मी तो खाल्ला. गोड होता. आईने तिचा रुमालात बांधून ठेवला, तो रविवारी घरी आल्यावर खालच्या बेकरीवाल्याच्या मुलीला दिला.

अण्णांना ती आरती कशी येत होती, हे मी आईला खूप नंतर विचारलं. आईने सांगितलं, "त्यांच्या गावात मास्तरांच्या घरी बसायचा गणपती. हे लहान होते. अंगणाच्या बाहेर, कुंपणाच्या कडेला उभं राहून ऐकायचे. आत घ्यायचे नाहीत ना. प्रसाद मात्र टाकायचे बाहेर. पाच दिवस रोज दोनदा ऐकली की पाठ होणारच." मग ती म्हणाली, "तोंडातून कधी काढली नव्हती त्यांनी. त्या दिवशी पहिल्यांदा."

रविवारी सकाळी निघताना दोन्ही गाड्या अंगणात उभ्या होत्या. आजी गाडीत बसल्या होत्या, काचेतून मला हात करत होत्या. मी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर होतो, काच अर्धी खाली. शरदकाका पावसात टोपी न घालता अण्णांसमोर उभे होते.

"वसंतराव, मला माफ करा," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मला सगळं स्वच्छ सांगितलं होतंत. सुधालाही माहीत आहे. आईला सांगायचं धैर्य मला झालं नाही. काल मी ताट सोडायला नको होतं."

"पावसात उभे राहू नका, शरदराव," अण्णा म्हणाले. "आजी वाट बघताहेत."

त्या अर्ध्या काचेतून मला सगळं कळलं. काकूंना माहीत होतं. काकांना माहीत होतं. सगळं माहीत असूनही दर शनिवारी त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं होतं. ज्या शनिवारांसाठी मी खोटं बोललो, त्यांना कुठलाच धोका नव्हता. शुक्रवारी त्या बाकावर बसून काकूंनी माझ्याकडे पाहिलं ते मी खोटं बोलतोय हे कळत असताना, आणि अण्णांनी "पाच दिवसांचा" म्हटलं ते शरदकाकांसमोर, ज्यांना त्यांनी मान वर करून खरं सांगितलं होतं. त्या खोलीत फसलेली माणसं दोनच होती, आजी आणि मी. काकांची चूक लहान होती, ती त्यांनी चोवीस तासांच्या आत कबूल केली. मी सत्तरीकडे निघालो आहे.

पुढे शनिवार चालू राहिले, पण मीच जायचं टाळायला लागलो. काकूंच्या डोळ्यांकडे मला बघवेना. अभ्यास आहे म्हणायचो. ज्यासाठी सगळं केलं ते मी आपल्या हाताने बंद केलं, आणि वर्षभरात काकांची दुसऱ्या गावी बदली झाली.

डोंगरातून परतल्यानंतरच्या रविवारी सकाळी अण्णांनी मेणबत्ती लावली, चटई अंथरली. मी अंथरुणात जागा होतो, हाकेची वाट बघत. हाक आली नाही. त्यांचा एकट्याचा आवाज आला, हळू, बेकरीच्या यंत्रापेक्षाही हळू. पुढच्या रविवारी तेच. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. माझ्या परीक्षा, माझी नोकरी, माझं लग्न, सगळ्यांत ते आनंदाने होते. फक्त ती हाक त्यांनी पुन्हा मारली नाही. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते म्हणतात, बळजबरी नको. त्याचं त्याला वाटेल तेव्हा येईल."

हल्ली दर एप्रिलमध्ये ड्युसेलडॉर्फला आपली तरुण मुलं मोठा हॉल घेऊन जयंती साजरी करतात. कुणी संशोधक, कुणी इंजिनिअर, सगळे मोठ्या आवाजात "जय भीम" म्हणतात, हॉल घुमतो. मला पहिल्या रांगेत बसवतात. "काका, तुम्ही आणि तुमचे वडील इथे सगळ्यांत आधी आलात, दोन शब्द बोला." मी त्या काळच्या थंडीबद्दल बोलतो, ज्वारी कशी मिळायची नाही त्याबद्दल बोलतो. टाळ्या वाजतात. अण्णांबद्दल बोललो तर हे सांगावं लागेल, आणि हे न सांगता अण्णांबद्दल काय बोलणार?

निवृत्त झाल्यावर आई-अण्णा नागपूरला परत गेले. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकटाच अण्णांना भेटायला गेलो. विमानात मी काय बोलायचं ते मनात दहा वेळा जुळवलं होतं. तीन वाक्यं होती, अवघड काही नव्हतं. रविवारी सकाळी मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. मी उठून दाराशी आलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते, पाठीला बाक आला होता, स्वेटरच्या कोपरावर ठिगळ होतं. समोर त्याच दोन तसबिरी. चटई दोन माणसांना पुरेल अशी अंथरलेली, आणि ते तिच्या डाव्या कडेला बसलेले. उजवी बाजू रिकामी. ती जागा मी पंधरा वर्षांचा असेपर्यंत माझी होती. त्याचं त्याला वाटेल तेव्हा येईल, असं आई म्हणाली होती त्यात सगळं आलं होतं. त्या घरात आणि या घरात, सगळे रविवार, ते अशीच चटई अंथरत आले होते.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आत जाऊन बसायचं तर आधी बोलायला हवं होतं, आणि बोलायला तोंड उघडेना. वंदना संपली. अण्णांनी मेणबत्ती फुंकली, वळून मला पाहिलं. किती वेळ उभा होतो ते त्यांनी विचारलं नाही.

"चहा घेतलास का?" म्हणाले.

"घेतो," मी म्हटलं.

ते सावकाश उठले आणि चटई गुंडाळू लागले. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती गुंडाळली, कोपऱ्यात उभी केली. आठ दिवसांनी मी परत आलो, आणि वसंत ऋतूत मला अण्णा गेल्याचा फोन आला.

ती तीन वाक्यं अजून तशीच आहेत. अण्णा, त्या आजींनी विचारलं तेव्हा मी सांगायला हवं होतं की आमच्याकडे गणपती नसतो, आम्ही बौद्ध आहोत. फळ्यांच्या भिंतीपलीकडचं तुमचं बोलणं मी ऐकलं होतं. माझ्यासाठी तुम्हाला ती आरती म्हणावी लागली, अण्णा, मला माफ करा.